फॉरवर्ड केलेली दोन मिनिटं

आमच्या घरात व्हिडिओचा रिमोट कायम माझ्या हातात असायचा. नव्वदीच्या दशकातली अबुधाबी. गुरुवारी दुपारी मुसफ्फाच्या वर्कशॉपमधून सुटलो की वाटेत कॅसेटच्या दुकानात शिरायचं आणि शुक्रवारी सकाळी तिघांनी सिनेमा बघायचा. मुलगी तेव्हा नऊ वर्षांची होती. पडद्यावर दोन माणसं जरा जवळ आली की माझा अंगठा फॉरवर्डच्या बटणावर. मला त्या प्रसंगांचा आधीच वास यायचा, असा माझा समज होता.

एकदा आयर्लंडमधला एक सिनेमा आणला. हलकाफुलका, न जुळणाऱ्या जोडप्याचा. नायक लॉरी चालवणारा, सदा घाईत, दुसऱ्याचं वाक्यही स्वतःच पुरं करून टाकणारा. नायिका गावच्या पोस्टात काम करणारी, दहादा विचार करून एकदा बोलणारी. मुलगी दोघांना बघून म्हणाली, "बाबा, लाइक यू अँड आई." आम्ही पोट धरून हसत होतो. मग तो गडी तिला न विचारता तिची सायकल विकून टाकतो. आता लॉरी आहे, सायकल कशाला, असा त्याचा हिशेब. तिथे बायकोचं हसणं थांबलं.

का थांबलं, ते मला कळत नव्हतं असं लिहायला आवडेल. पण मला चांगलं कळत होतं. लग्नाआधीपासून ती पुण्यात बँकेत होती आणि बिनपगारी रजा टाकून माझ्याबरोबर आली होती. अबुधाबीत टपाल घरी येत नाही, कंपनीच्या पोस्टबॉक्सवर येतं. त्यामुळे बँकेचं पत्र आधी माझ्या टेबलावर आलं. रजा संपली, रुजू व्हा नाहीतर राजीनामा द्या. मी पाकीट फोडलं, वाचलं, राजीनामा टाइप केला, खाली तिची सही ठोकली आणि जेवणाच्या सुट्टीआधी फॅक्स करून मोकळा झालो. रात्री जेवताना तिला सांगितलं, "खलास, डोक्याची एक कटकट गेली." तिने पत्र बघायला मागितलं. मी म्हणालो, ऑफिसात राहिलं. ते मी कधीच घरी आणलं नाही आणि तिनेही पुन्हा मागितलं नाही.

सिनेमाच्या शेवटी नायक पोस्टात येतो. रांग मोडून खिडकीपाशी जातो, टोपी काढतो, वाकतो. आता चुंबन येणार म्हणून मी बटण दाबलं. त्याचे ओठ भराभरा हलले, रांगेतल्या म्हाताऱ्या माना हलवत राहिल्या, आणि एकदम चर्च, लग्न, नाच.

"काय म्हणाला हो तो?" बायकोने विचारलं. "मागे घ्या ना जरा."

मी म्हटलं, काय बघायचंय त्यात, गोड झालं ना शेवटी. यल्ला, चल, जेवायला वाढ. मुलगी म्हणाली, "बाबा, देअर वॉज नो किसिंग." तिला मी गप्प केलं. कॅसेट संध्याकाळी परत गेली.

सात-आठ वर्षांनी, मुलगी शिकायला पुण्याला गेल्यावर, तोच सिनेमा एका दुपारी टीव्हीवर लागला. मी बायकोला हाका मारल्या. ती स्वयंपाकघरात मेथी निवडत होती. म्हणाली, "तुम्ही बघा. मला आता नाही बघायचा."

मी एकट्याने बघितला. पोस्टातला प्रसंग जेमतेम दोन मिनिटांचा होता. चुंबन नव्हतंच. तो रांगेसमोर एवढंच सांगत होता, की सायकल तुझी होती, मी तुला विचारायला हवं होतं. सारखं तेच, अडखळत. मला माझ्या अंगठ्याचा राग आला.

टीव्ही बंद करून मी आत गेलो. इतक्या वर्षांत जे एकदाही तोंडातून निघालं नव्हतं ते उभ्या उभ्याच बोललो. "बँकेचं मी तुला विचारायला हवं होतं. चुकलं माझं."

तिने वर बघितलं नाही. हातातल्या काडीची पानं खुडून झाल्यावर म्हणाली, "विचारलं असतंत तर मी राजीनामाच दिला असता. मुलीसाठी इथेच राहायचं, असं मी ठरवलं होतं. तुम्हाला सांगणारच होते."