भूगोलाच्या बाई आणि सातवीची भिंत

टेबलावरचं कापड दोन्ही हातांनी दोन बाजूंनी आत ढकलायचं आणि मान वर करून विचारायचं, "बघा, कुठे उचललं गेलं?" आमच्या शाळेतल्या भूगोलाच्या बाईंची ही सवय. कापड उचललं जायचं ते इस्त्रीच्या जुन्या घडीवर. "जोर नवा, घडी जुनी!" हे त्या इतक्या आनंदाने सांगायच्या, जणू हिमालय त्यांच्या माहेरचाच.

वली, म्हणजे घड्या पडून झालेल्या, पर्वतांचा धडा त्या असाच शिकवत. जमीन दाबली गेली की थर कुठे वाकणार आणि कुठे तुटून सरकणार, हे बरंचसं खालचे जुने तडेच ठरवतात. आता तलासरीत हिमालय कुठला? पण भूकंपाच्या धक्क्यांनी इथली जमीन हलू लागली आणि धडा पुस्तकात राहीना.

तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल, ज्याला स्वस्थ बसवतच नाही. महामार्गावरून ट्रक गेला तरी बाई डबा अर्धा टाकून उठायच्या. मीही तिथलाच मास्तर, चिडवायचो, "बाई, डाळ हललेली नाही, जेवा." हसायच्या, पण नजर त्यांच्या सातवीच्या वर्गाकडे.

त्या वर्गाच्या भिंतीला धक्क्यांनी तडा गेला होता. हेडसरांनी तो बुजवून वर रंग दिला. बाईंनी त्याच दिवशी वर्ग आंब्याखाली नेला.

"मॅडम, भिंत नवी झाली आता," हेडसर म्हणाले.

"रंग नवा झाला, सर."

मग शेजारच्या वेवजी गावाहून एका मुलीचे आजोबा आले. "बाई, पोरं उन्हात बसतात, डोकी दुखतात त्यांची. असं किती दिवस?"

"खरंच माहीत नाही हो, काका," बाई म्हणाल्या. एरवी सगळं ठाऊक असल्यासारखं बोलणाऱ्या बाई! त्या क्षणी मला त्यांच्याविषयी फार माया वाटली.

शेवटी हेडसरांनी बजावलं, वर्ग आत घ्या, नाहीतर वर तक्रार करतो. बाईंनी घेतला नाही. त्यांची बदली डहाणूकडे झाली.

सातवी माझ्याकडे आली. पहिल्या दिवशी मुलं दप्तरं घेऊन दारातच उभी. आत शिरेनात, बाहेरही जाईनात, नुसती माझ्याकडे बघत राहिली. मी आत जाऊन भिंतीवर हात फिरवला. गुळगुळीत, गार. एक रेघ नव्हती. बाई चुकल्याही असतील. ऑफिसच्या खिडकीतून हेडसर बघत होते.

मी आतली खुर्ची उचलली आणि आंब्याखाली नेऊन ठेवली.