गुरुजींना माझ्या बानं बोलावलंच नव्हतं

पहिलं कबूल करून टाकतो, म्हंजे पुढं मोकळ्या मनानं गौरव करता येईल. मी गुरुजींशी खोटं बोललो. बाशीबी बोललो. एकाच दिवशी. गुरुजींना सांगितलं, "बानं तुमाला मेंढवाड्यावर बोलावलंय." बाला सांगितलं, "गुर्जी आपणहून तुझ्याकडं येऊन राहिलेत, त्यांना तुझ्याशी बोलायचंय." खरं म्हंजे कुणीच कुणाला बोलावलं नव्हतं.

जवळा बाजारच्या दिगंबरराव गुरुजींना साठ वर्षं पुरी झाली, म्हणून हे पुस्तक निघून राहिलंय. यात वकीलसाहेब लिहितील, मोठमोठे लिहितील. गुरुजींच्या शाळेतल्या ह्या सालच्या पोरांपैकी कुणीतरी चार ओळी लिहाव्या असं कमिटीला वाटलं. शहाणी पोरं कॉलेजासाठी सदरे शिवून घेण्यात गुतली होती. रिकामा मी सापडलो.

गुरुजींची आन् माझी पहिली गाठ अशी. मी दुसऱ्या झपाट्यात मॅट्रिक झालो, तेबी जेमतेम, आन् बाजारात भटकून राहिलो होतो. कानावर आलं, सरकारी मदरशातली, म्हंजे सरकारी शाळेतली, नौकरी सोडून गुरुजींनी वेगळीच शाळा काढलीय. मॅट्रिक झालेल्या पोरानं लगेच कॉलेजात पळायचं न्हाई, एक साल इथं थांबायचं. परीक्षा न्हाई, सर्टिफिकेट न्हाई. लोक तिला थांब्याची शाळाच म्हणत. परीक्षा न्हाई तर पोरं दिवसभर करतेत काय? मला राहवलंच न्हाई. सकाळीच गेलो. रिकाम्या हातानं कसं जावं, म्हणून घरचं एक करडू नेलं आन् गुरुजी यायच्या आत त्यांच्या खुर्चीवर बसवून दिलं.

गुरुजी आले. करडाकडं पाहिलं, आमच्याकडं पाहिलं, आन् खाली चटईवर मांडी घालून बसले.

"आज पाहुणे आलेत. यांचं म्हणणं कोण सांगतो?"

सगळी पोरं माझ्याकडं पाहू लागली.

"तुम्ही आणलंत ना? मग तुम्हालाच ठाऊक असणार. उठा."

मला तवर कुणी 'तुम्ही' म्हटलं नव्हतं. उठलो. "हे म्हणतंय, खुर्ची लई मऊ हाय."

करडू ओरडलं.

"त्याला काही पटलं नाही. परत सांगा."

"भूक लागली म्हणतंय." जरा थांबलो. "आई कुठंय, म्हणतंय."

"आता बराबर. जा, आधी त्याला आईपाशी सोडून या. पाठ थांबतो तोवर."

पळत गेलो, पळत आलो. पाठ खरंच थांबलेला होता. त्या दिवसापासून मीबी तिथं थांबलो.

हीच त्या शाळेची रीत. कुणाचं म्हणणं खोडायचं असंल, तर आधी ते त्याच्या वतीनं आपण मांडायचं. समोरचा 'बराबर' म्हणाला, मगच आपलं तोंड उघडायचं. देव हाय का न्हाई, पोरींनी शिकावं का, राजा कशाला पाहिजे, सगळं ह्याच रीतीनं. एकदा पाटलाच्या पोरानं मांगवाड्यातल्या सोबत्याला घागरीला हात लावू दिला न्हाई. गुरुजी रागावले न्हाईत, पाटलाच्या पोराकडं वळले. म्हणाले, "त्याचं म्हणणं मांडा. तो बराबर म्हणेपर्यंत पाणी कुणालाच नाही." आन् सोता त्याच्याशेजारी उन्हात बसले. पाटलाचं पोरगं आधी तोऱ्यात बोललं, मग चिडून बोललं, मग घसा सुकल्यावर हळू बोलाय लागलं. दुपार टळली तवा कुठं 'बराबर' आलं. घागर त्या मांगाच्या पोरानंच उचलली आन् पहिली ओंजळ पाटलाच्या पोराला घातली. गुरुजी सगळ्यांच्या शेवटी प्याले.

आता माझ्या खोट्याकडं येतो. दिवाळी जवळ आली तवा बा म्हणाला, "बास झाला थांबा. कळपाला पुढं एक लागतो, मागं एक लागतो. पुढं मी हाय. मागं कोण?" माझं साल अर्ध्यात मोडणार, आन् साल मोडलं की कॉलेजबी गेलं, हे दिसून राहिलं होतं. बापुढं बोलायची माझी हिंमत न्हाई. गुरुजींना मधे पडा म्हणायचीबी लाज वाटली. म्हणून ते खोटं.

आमची मेंढरं तवा शिरड शहापूरच्या शिवारात एका शेतात खतासाठी बसवलेली होती. गुरुजी चालत आले. बानं घोंगडी झटकून टाकली, दूध दिलं. दोघं समोरासमोर बसले, आन् बसूनच राहिले.

"बोला, खंडूजी."

"न्हाई न्हाई, तुमी बोला, गुर्जी."

"तुमचा मान पहिला."

माझी बहीण गया कानात म्हणाली, "दादा, हे एकमेकांचं त्वांड पाहायला बसलेत का रे?"

शेवटी गुरुजींनी दुधाचा पेला खाली ठेवला. "बरं. मग तुमचं म्हणणं मीच सांगून पाहतो. मागं माणूस नसलं, तर लंगडं मेंढरू मागंच राहतं, आणि ते लांडग्याचं होतं. शिकलेलं पोरगं परत येतं, पण घोंगडीवर बसत नाही. बापाशी बोलताना इकडं तिकडं पाहतं, कुणी ऐकतंय का म्हणून."

बानं गुरुजींकडं नीट पाहिलं. "बराबर," म्हणाला. "हे शेवटचं तर म्या कुणाला बोललोबी नव्हतो."

झालं, मेलो, असं मला वाटलं. गुरुजींनी इतकं चांगलं मांडलं होतं की मलाच मेंढरामागं जावंसं वाटाय लागलं.

"आता पोराचं म्हणणं तुम्ही सांगा," गुरुजी म्हणाले.

"पोरगं म्हणतंय..." बानं सुरू केलं, आन् तिथंच अडकला. मग माझ्याकडं वळला. "काहून जायचं रे तुला?"

एवढ्या वर्षांत बानं मला पहिल्यांदा काही इचारलं. आन् माझ्यासारखा बोलका काय म्हणाला? "ठाऊक न्हाई, बा."

गुरुजी हसले. "म्हणूनच तर एक साल थांबवतो मी."

बालाबी हसू आलं. "मग थांबू द्या. पर मेंढरं ह्या शिवारात हायेत तवर सकाळी मागं चालंल."

हिवाळ्यात आमच्या मेंढवाड्यातली कोकरं मरू लागली. ओढ्यापल्याडच्या दुसऱ्याच्या वाड्यात एकबी मरंना. मी गुरुजींना इचारलं, काहून? "मला ठाऊक नाही. चला, पाहू." धोतर खोचून ते वाड्यात फिरले, लेंड्या पाहिल्या, ओढ्याचं पाणी पाहिलं. बा म्हणाला, देवीचा कोप. तर बासोबत देवीलाबी जाऊन आले. उत्तर काही सापडलं न्हाई. मला मात्र झोप लागंना. ओढा एक, चारा एक, मग आमचीच काहून?

एक दिवस बाच म्हणाला, "गुर्जी, हे कॉलेजात सांगतेत का?"

"जनावरांच्या डाक्टरीचं शिकवतात, असं ऐकतो. हे सांगतील का, ते ठाऊक नाही."

"मग धाडा ह्याला. इचारून येऊ द्या."

"आन् मागं कोण?" मी म्हणालो.

"मी हाय की," गया म्हणाली. "तसंबी मेंढरं तुझं कवा ऐकत होती?"

तर मी निघून राहिलोय. गुरुजींचे गुडघे चालते राहोत, कान तिखट राहोत. मी उत्तर घेऊन येईपर्यंत तर त्यांनी राहावंच. आलो की दुसरा सवाल पुढं ठेवीन, म्हंजे त्यांना आणखीन राहावं लागंल. असं करत करत शंभरी गाठून देतो.

आता हात जोडतो. बाजाराच्या दिवशी बा गुरुजींच्या ओसरीवर बसतो. येणाऱ्या जाणाऱ्याला सांगतो, "एवढा मोठा माणूस, पर न बोलावता माझ्या वाड्यावर आला." गुरुजी वर्गात म्हणतात, "मी पुष्कळांच्या दारी गेलो. मला आपणहून बोलावणारे खंडूजी पहिले." दोघंबी हे सांगताना जरा ताठ बसतेत. बाला वाचता येत न्हाई. गुरुजींनी सांगूनच टाकलंय, सोताची तारीफ मी वाचणार न्हाई. मधे उरले तुमी वाचणारे. कमिटीवाल्यांनो, तुमीबी. कुणाला सांगू नका हो. बाजारात न्हाई, ओसरीवर न्हाई, आन् गयाला तर मुळीच न्हाई.