उमेदवारबाईंचं औक्षण

निवडणूक आली की आमच्या गल्लीत औक्षणाची तबकं निघतात. परवा आमदारकीला उभ्या राहिलेल्या बाई आल्या. पाणी, दवाखाना, शाळेला शिक्षक, सगळं त्यांनी पत्रकं वाटत घडाघडा सांगितलं. ते काय, सगळेच सांगतात हो. मी ओवाळायला तबक उचललं, तर बाईंची नजर माझ्या मागे गेली. तिथे शेजारची शांता उभी होती. नवरा गेल्यापासून ती अशा वेळी पुढे येत नाही.

“काकू, तुम्ही ओवाळा ना मला,” बाई म्हणाल्या.

शांता दाराआडच सरकली. बरोबरचा कार्यकर्ता पुटपुटला, “ताई, मतदान तोंडावर आलंय. अपशकुन कशाला?”

“माझी आईही विधवाच आहे रे. सकाळी तिच्याच हातची भाकरी खाऊन निघाले. तो नाही झाला अपशकुन?”

पत्रकात छापलेलं किती होईल, ते निवडून आल्यावर कळेल. पण माणसाला काय महत्त्वाचं वाटतं, ते असं दारातही दिसतं हो.

मी तबक शांताच्या हाती दिलं. तिची सवय मोडलेली, टिळा लावताना कुंकू बाईंच्या नाकावर सांडलं. बायका हसल्या, शांताही हसली. बाई ते न पुसता तशाच पुढच्या दाराकडे गेल्या.