सुमनने बसवलेला पंप

माझी बायको गाडीखाली शिरायची आणि मी बाहेर टॉर्च धरून बसायचो.

सुमनला जाऊन आज एक वर्ष झालं.

मी इथे फारसं लिहीत नाही. वाढदिवसाला शुभेच्छा टाकतो, तेवढंच. आज एक आठवण लिहितो.

नव्वदच्या दशकातलं सुरत. मी बँकेत. सुमन मराठी शाळेत सायन्स शिकवायची.

तिच्या वडिलांची जुनी गाडी आमच्याकडे होती. फिकट निळी, गोल पाठीची. सोसायटीतले लोक तिला 'डुक्कर' म्हणायचे. सुमन म्हणायची, "तुमच्या स्कूटरला मी कधी नावं ठेवते का?"

वडिलांची तेवढी एकच वस्तू तिच्याकडे होती.

गाडी सकाळी छान चालायची. ऊन चढलं की बंद.

पेट्रोल ओढणारा पंप इंजिनला चिकटून होता. तो तापला की आत पेट्रोलची वाफ व्हायची. मग त्यावर ओलं फडकं ठेवायचं आणि झाडाखाली वाट बघायची. आमच्या गाडीत पाण्याची बाटली आणि फडकं कायम असायचं.

माझी धाकटी बहीण रेखा, तिचं लग्न ठरलं. बारडोलीला, मुलाकडे. मे महिना आणि दुपारचा मुहूर्त.

जेवताना सुमन म्हणाली, "रेखाला मी नेणार. आपल्या गाडीतून."

माझे थोरले भाऊ, दादा, वरण ओतता ओतता थांबले.

"आणि नवरीच्या हातात काय द्यायचं? नारळ की ओलं फडकं?"

सगळे हसले. रेखासुद्धा.

सुमन म्हणाली, "त्या दिवशी गाडी थांबली तर दुसऱ्या दिवशी विकून टाका, दादा. मी काही बोलणार नाही."

दादा पुन्हा वरण ओतायला लागले.

कतारगामला कांतिभाई नावाचे मेकॅनिक होते. त्यांच्याकडून बॅटरीवर चालणारा इलेक्ट्रिक पंप आणला. वायर जवळ पडते म्हणून त्यांनी तो बोनेटखालीच, जुन्या पंपाशेजारी बसवून दिला.

ट्रायलला आम्ही दोघं भर दुपारी निघालो.

बारडोलीच्या वाटेवर, चलथाणच्या अलीकडे गाडी बंद.

सुमनने नव्या पंपाला बोट लावलं आणि झटकन मागे घेतलं. मी सवयीने फडकं भिजवायला घेतलं.

"ठेवा ते."

ती बाभळीखाली जाऊन बसली. मग म्हणाली, "अहो, आपल्या सोसायटीची पाण्याची मोटर कुठे आहे?"

"खाली. टाकीजवळ."

"गच्चीवर का नाही बसवली?"

"वरून कशी ओढेल पाणी?"

"तेच. आपण गच्चीवर बसवली."

पंपाला ढकलणं सोपं, ओढणं अवघड. त्यात पुढे इंजिनचा ताप. पंप मागे, पेट्रोलच्या टाकीजवळ हवा होता.

कांतिभाईंना पटलं, पण गॅरेज भरलेलं होतं. "बेन, लग्न पछी करी आपीश."

लग्नानंतर काय उपयोग? सुमनने त्यांच्याकडून पाने-पक्कड मागून आणली.

रविवारी गाडीचा मागचा भाग ठोकळ्यांवर चढवला. माझी जुनी ऑफिसची पँट घालून ती खाली शिरली. आई गॅलरीतून बघत होती. मला वाटलं, आता ऐकावं लागणार.

आई जुनी सतरंजी घेऊन खाली आली.

"पाठीखाली घे गं. फरशी तापलीय."

मग माझ्याकडे वळून, "आणि तू काय करतोयस?"

"टॉर्च धरतोय."

"मग नीट धर. तिच्या डोळ्यांत मारतोयस."

सुमनने नवा पंप टाकीजवळ रबरावर बसवला. सीटखालून वायर नेली, मध्ये फ्यूज टाकला. जुना पंप काढून तिथे पत्रा लावला. प्रत्येक जोडावर बोट फिरवून वास घेतला. कुठेही गळत नव्हतं.

चावी फिरवली की मागून टक-टक-टक आवाज यायचा. कार्बोरेटर भरला की आवाज थांबायचा. मग स्टार्टर मारायचा.

लग्नाच्या दिवशी सुमन स्टिअरिंगवर, पैठणी नेसून. मागे मी, आई आणि मध्ये नवरी. पुढे दादा. त्यांच्या मांडीवर ओलं फडकं, घडी करून.

सुमनने ते बघितलं. गाडी बाहेर काढली.

वाटेत रेल्वेचं फाटक लागलं. बंद. तिने इंजिन बंद केलं. गाडी उन्हात तापत उभी. अशाच वेळी ती हमखास दगा द्यायची.

फाटक उघडलं. सुमनने चावी फिरवली.

टक-टक-टक.

मागे हॉर्न सुरू झाले. रेखाने माझा हात घट्ट धरला.

दादा म्हणाले, "अगं, मार ना स्टार्टर."

"थांबा, दादा. भरू दे."

टकटक थांबली. तिने स्टार्टर मारला.

पहिल्या झटक्याला गाडी चालू.

बारडोलीत मांडवासमोर उतरलो तेव्हा दादांच्या नव्या सफारी सूटवर मांडीला भलामोठा ओला डाग होता. व्याही बघत राहिले. रेखाला नवरी असूनही हसू आवरेना.

दादांनी कौतुकाचा शब्द काढला नाही. ते बोनेटपाशी गेले आणि त्याच फडक्याने समोरची काच पुसायला लागले. पाहुणे आत गेले तरी पुसत होते.

एवढ्या निगुतीने त्यांनी स्वतःची स्कूटरही कधी पुसली नाही.

पुढे पंप दोनदा बदलला. जागा तीच आहे.

आज सकाळी रेखा बारडोलीहून आली. म्हणाली, "भाऊ, वहिनीच्या गाडीतून एक चक्कर मारू या."

ती मागे बसली. तिच्या त्याच जागेवर.

मी चावी फिरवली. लवकर निघावं असं वाटत होतं. हात लगेच स्टार्टरकडे गेला.

मागून रेखा म्हणाली, "थांब, भाऊ. भरू दे."

थांबलो.

मग गाडी पहिल्या झटक्याला चालू झाली.

सुमन, टॉर्च धरणाऱ्याचा तुला नमस्कार.