म्हशीलाही खूण होती

बातमीदाराकडं किस्से साचतात ते बातमीतून उरलेले. सत्तरच्या दशकात मी हिंगोलीहून पेपरला बातम्या पाठवायचो. तहसीलदारापासून आमदारापर्यंत सगळ्यांना जाब विचारला, त्यांची फजिती छापली. माझी स्वतःची फजिती मात्र घरातच व्हायची, आणि ती छापायची हिंमत कधी झाली नाही.

*

बायकोची थोरली बहीण, अक्का, डोंगरकड्याहून बायकोचं बाळंतपण करायला आली ती आमच्याकडंच राहिली. अक्का जन्मापासून बहिरी, तिचं सगळं बोलणं हातांनी. एक दिवस पाहतो तर आमच्या तान्ह्या लेकीनं मूठ तोंडाशी नेऊन उघडझाप केली, आणि अक्कानं तिला दूध पाजलं.

मी भडकलो. पोरगी खुणाच करत बसली तर बोलणार कधी? मला बाबा म्हणणार कधी?

बायको म्हणाली, "माझ्यावर काहून ओरडून राहिले? अक्काला सांगा."

गेलो. हातवारे बंद करा, हे अक्काला मी बराच वेळ हातवाऱ्यांनी समजावलं. अक्काला काही कळलं नाही. लेक मात्र त्या दिवशी तर्जनी नाचवायला शिकली!

*

मग डॉक्टर. लेकीला तपासून ते म्हणाले, सगळं बराबर आहे, बोलेल. मला पटेना. मी आवाज चढवून वाद घालू लागलो, तसं लेकीनं मांडीवरून दोन्ही तळवे झटकले. वाटीतला भात संपला की अक्का अशी खूण करायची. डॉक्टरांनी अर्थ विचारला, मी सांगितला.

"मग लेकराचं तरी ऐका," ते म्हणाले. "बाहेर पेशंट थांबलेत."

*

कुरुंद्याचे एक पुढारी स्वतःची बातमी द्यायला घरी आले. बोलले, बोलले, बोलतच राहिले. लेकीनं तळहात गालाखाली घेऊन मान कलती केली. अक्काच्या भाषेत, झोप.

पुढारी खूश. "लेकरू कसं ध्यान देऊन ऐकून राहिलं!"

मी त्यांच्या भाषणावर कॉलमभर लिहिलं. इतकं नेमकं काही जमलं नाही.

*

हळूहळू घरात प्रत्येकाला खुणेचं नाव मिळालं. मनगट चोळलं की आई, बांगड्यांवरून. कपाळाला बोट लावलं की अक्का, गोंदणावरून. शेजारच्या म्हशीलाही दोन बोटांची शिंगं होती. माझी खूण काय, विचारलं की बायको तोंडाला पदर लावायची. ‘बाबा’ हा शब्द नाही तर नाही, पण खूणही नाही? म्हशीला आहे, मला नाही! हे मनाला फार लागलं.

त्यातच एका खटल्याच्या बातमीसाठी आठवडाभर नांदेडला राहावं लागलं. परतताना वारंगा फाट्यावर एसटी बंद पडली, मग ट्रकनं घर गाठलं. दारात लेक चौकट धरून उभी. अजून चालत नव्हती. मला पाहून तोंडभर हसली, चौकट सोडली, दोन्ही तळवे कानांवर घट्ट दाबले आणि तशीच डुलत डुलत, आयुष्यातली पहिली पावलं टाकत माझ्याकडं आली.

मागं अक्का उभी होती. जन्मात एक आवाज तिच्या कानावर पडला नव्हता. तिनं माझ्याकडं बोट दाखवलं, लेकीला शाबासकी दिल्यासारखी मान डोलावली, आणि स्वतःचेही कान झाकले.