चार घरांत एक राउटर

गुणवंतरावांनी चौतीस वर्षं लाइनमनची नोकरी केली. त्यांचा जोडीदार लालसू खांबावर असताना खाली कुणीतरी न विचारता लाइन सुरू केली, आणि तो शॉक बसून वरच मेला. तेव्हापासून त्यांचा एकच नियम होता. ज्यानं बंद केलं, त्यानंच सुरू करायचं. बंद बटणावर लाल पाटी लटकवायची, आणि लावणाऱ्याशिवाय ती कुणी काढायची नाही.

निवृत्तीनंतर ते मुलचेऱ्याजवळच्या आपल्या गावी एकटेच राहू लागले. गावात मोबाईलला रेंज नव्हती. फोन यायचे ते वायफायवरून. वायफाय होतं ते भिंतीला भिंत लागलेल्या चारच घरांत, आणि तिथे चार राउटर दिवसरात्र तापत असायचे. गुणवंतराव ते हातानं चाचपून म्हणायचे, ही वीज कुणाच्याच कामाची नाही. शेवटी त्यांनी तीन राउटर काढायला लावले, आपल्या ओसरीतला एक ठेवला आणि शेवटच्या घरासाठी कौलांवरून तार नेली. प्रिंटरही चार घरांत एकच. दुपारी बारा ते तीन, पोरं शाळेत असताना, तो राउटरही बंद. बटणावर पाटी. लालसूची गोष्ट सगळ्यांनी ऐकलेली, त्यामुळे पाटीला कुणी हात लावत नसे.

त्या दिवशी बाराला बटण बंद करून, कुणाला न सांगता, ते मुलचेऱ्याला गेले. तीनच्या आत परतायचं होतं, पण एसटी आलीच नाही. साडेचारला स्टँडवर कुजबुज सुरू झाली, की जंगलात पोलीस कॅम्पजवळ गोळीबार झाला. शेजारच्या इंदुताईंचा मुलगा राजदीप त्याच कॅम्पवर पोलीस होता. रोज चारला तो आईला फोन करायचा.

त्यांनी इंदुताईंना फोन लावला. लागला नाही. लागणार कसा? राउटर बंद होता, आणि तो त्यांनीच बंद केला होता. मिळेल त्या ट्रॅक्टरवर बसून ते निघाले. राजदीप फोन लावून थकला असेल, की लावायला उरलाच नसेल, हा एकच विचार वाटभर त्यांच्या डोक्यातून जाईना.

पोचले तेव्हा सहा वाजत आले होते. ओसरीत इंदुताई बटणासमोर बसल्या होत्या, मांडीवर फोन. बातमी गावात आधीच आली होती. राजदीपची बायको रंजीता दाराला टेकून उभी होती.

"केव्हाची म्हणून राह्यली मी, बटण दाबू द्या," ती म्हणाली. "आई हात लावू देत नाई."

इंदुताईंनी गुणवंतरावांना डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं. "पाटी होती, भाऊ. तुमी कुठी गेले कोणालेच ठाऊक नाई. गावाबाहेर खांबावर असते तर?"

राउटरच्या तारेत माणूस मरण्याइतकी वीज कधीच नसते. खांबावरचा नियम गुणवंतरावांनी ओसरीत आणला, पण एवढी गोष्ट मात्र सांगितली नव्हती.

त्यांनी पाटी काढली, बटण दाबलं. दिवा नुसताच लुकलुकत राहिला. एक मिनिट गेलं, दुसरंही. इंदुताईंनी डोळे मिटून घेतले.

मग फोन थरथरला. राजदीपचे अकरा मिसकॉल. शेवटचा, दहाच मिनिटांपूर्वीचा.

रंजीतानं फोन उचलून घेतला. इंदुताई आता कुठे रडू लागल्या. गुणवंतराव त्यांच्यासमोर जमिनीवर बसले.

"बाई, त्या तारेत काईच नसते," ते म्हणाले. "मीच कधी सांगितलं नाई."