चाळून झालेल्या वादीतलं सोनं

रियाध मागे पडलं तेव्हा नुकतं उजाडत होतं. गाडी हया चालवत होती. मागच्या सीटवर दोन उशांच्या मध्ये मेटल डिटेक्टरची छोटी कॉईल ठेवली होती. कॉईल म्हणजे दांड्याच्या टोकाला लावून जमिनीवरून फिरवायची चकती. आमची होती नाश्त्याच्या बशीएवढी.

हया माझी बँकेतली सहकारी. अफीफ गावाच्या पलीकडे एका जागेत सोनं शोधायचा रीतसर परवाना तिच्या मामांकडे आहे. पण आधीच्या लोकांनी ती जमीन इतक्यांदा चाळली होती, की मामांना हल्ली गंजक्या खिळ्यांशिवाय काही मिळत नव्हतं. ते परवाना सोडून देणार होते. हयाच्या लहानपणीच्या सुट्ट्या तिथे गेलेल्या. पुढे ते काम आपण चालवायचं, हे तिनं कधीच ठरवून टाकलं होतं. "मला फक्त एक शुक्रवार-शनिवार द्या," असं तिनं मामांना विनवलं, आणि मी इलेक्ट्रॉनिक्स शिकलेली म्हणून मलाही सोबत घेतलं.

कॉईल आम्ही रियाधच्या बत्हा बाजारातून घेतली होती. दुकानदार रत्नागिरीचे निघाले. "ताई, मोठी न्या. खोल जाते. सगळी गिऱ्हाईकं मोठीच नेतात," ते म्हणाले. त्या शेवटच्या वाक्यानंच माझं ठरलं. सगळ्यांनी मोठीच फिरवली असेल, तर मोठीला सापडण्यासारखं होतं ते बहुतेक गेलंच असणार. शिवाय मोठ्या चकतीला बारीक कण ऐकू येत नाहीत आणि दगडांच्या बेचक्यात ती शिरत नाही. मी छोटी मागितली. दुकानदारांनी मान हलवत ती पिशवीत घातली.

वाटेत एका पेट्रोल पंपावर फूल (वालासारख्या दाण्यांची घोटलेली उसळ) आणि तमीस (तंदूरमधली भली मोठी रोटी) खाल्लं. सपाट माळ संपून काळ्या दगडांच्या टेकड्या सुरू झाल्या. वादीत (नदीच्या कोरड्या पात्रात) उतरलो आणि गाडीचं चाक रुतलं. हयानं शांतपणे चारही टायरांतली हवा कमी केली, मी मागून ढकललं, आणि केसांत वाळू भरून घेत आम्ही मामांच्या तंबूपाशी पोचलो.

हया त्यांना 'खाली' म्हणते (अरबीत 'माझे मामा'). तिनं हाक मारली की मी आधी पायाकडे बघायची. उंच, पांढऱ्या दाढीचे मामा. त्यांनी वेलचीचा गहवा (बिनदुधाची फिकी कॉफी) आणि खजूर पुढे केले, आणि मग आमच्या कॉईलकडे बघून हसले. "हे काय, खेळणं?"

यंत्र एकच होतं. त्यांची परातीएवढी कॉईल काढून आमची लावली, मी ते जमिनीवर धरलं आणि ते जोरात किंचाळलं. हया आनंदानं ओरडली. मामांनी मात्र माझ्या मनगटाकडे बोट दाखवलं. माझी सोन्याची बांगडी! ती काढून हयाच्या पर्समध्ये ठेवली.

त्यानंतर दुपारभर मला फक्त तारेचे तुकडे, डब्यांचे पत्रे आणि एक मोडका चमचा मिळाला. ऊन डोक्यात जात होतं, खांदा भरून आला होता. "खलास," मामा म्हणाले. हयानं ते मला भाषांतर करून सांगितलं नाही. तशी गरजही नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना मी समोरची जमीन नीट पाहिली आणि माझी चूक लक्षात आली. कॉईल मी छोटी आणली होती, पण फिरत होते मोठीवाल्यांच्याच वाटेनं, मोकळ्या सपाटीवरून. मी उठले आणि पात्राच्या कडेला गेले. तिथे काटेरी बाभळी खडकाला चिकटून वाढल्या होत्या. मोठी चकती तिथे आडवीसुद्धा गेली नसती. मी फांद्यांखाली गुडघ्यांवर बसले आणि चकती खडकाच्या भेगेवरून अगदी सावकाश सरकवली.

कानात बारीकसा आवाज आला. मच्छराच्या गुणगुणीसारखा.

"हया, बोलू नकोस."

"मी बोलत नाहीये!"

पुन्हा तोच आवाज. तिनं माती खरवडून प्लॅस्टिकच्या सुपलीत घेतली. आम्ही ती अर्धी अर्धी करत चकतीवरून फिरवत गेलो, वाजेल तो अर्धा भाग ठेवायचा, बाकीचा टाकायचा. शेवटी चिमूटभर माती उरली. हयानं फुंकर मारली आणि तिच्या तळव्यावर मसुराएवढा पिवळा दाणा राहिला.

"खाली!" ती किंचाळली. या वेळी मी पायाकडे बघितलं नाही.

मामा आले. दाणा दातांत धरून पाहिला, उन्हात धरला, आणि काट्यांची पर्वा न करता माझ्या शेजारी आडवे झाले. त्याच भेगेत आणखी चार दाणे निघाले, सगळे एका रांगेत. ती रांग संपली तिथे पात्रातली वाळू सुरू होत होती.

"आता तुमची मोठी लावा," मी म्हटलं. "दाणे कुठल्या दिशेनं गेलेत ते कळलंय. पुढे जे असेल ते खोल असेल."

हयानं अरबीत सांगितलं. मामांनी माझ्याकडे रोखून पाहिलं, मग स्वतः कॉईल बदलली. तिसऱ्या फेरीला जड, लांबट आवाज आला. आम्ही तिघं आळीपाळीनं खणत गेलो. खड्डा कोपरभर झाला, आणि मामांच्या बोटांना चिंचोक्याएवढा सोन्याचा खडा लागला.

"वल्लाह!" ते मटकन खाली बसले आणि हसत सुटले. हसता हसता डोळे पुसून त्यांनी तो खडा हयाच्या हातात ठेवला. "परवाना राहील. काम तू बघायचंस. मी गहवा करीन."

निघताना त्यांनी मला खजुरांचा डबा दिला आणि छोटी कॉईल तिथेच ठेवून घेतली. तिला आता ते 'उस्ताझा' (मास्तरीणबाई) म्हणत होते.

परतीच्या वाटेवर मला वाटत राहिलं, की त्या वादीत इतकी माणसं आली, पण ती सगळी एकच हत्यार घेऊन एकाच वाटेनं चालली, आणि काही मिळेना तेव्हा दोष मातीला दिला. मीही दुपारभर तेच केलं होतं.

अफीफ ओलांडल्यावर हयानं गाडी अचानक बाजूला घेतली. ती खाली उतरली आणि रिकाम्या माळाकडे तोंड करून तिनं घत्रफा दिली (लग्नात बायका जीभ हलवून काढतात तो उंच आनंदाचा स्वर). मीही उतरले. मला ती जमली नाही, घशातून नुसती किंकाळी निघाली. दूरवर चरणाऱ्या उंटांनी माना वर केल्या. हयानं माझा हात घट्ट धरला, आणि आम्ही दोघींनी पुन्हा एकदा, जमेल तशी, जोरात दिली.